दिव्यांच्या गावातून उल्कांच्या माळावर

बोईसरला रात्र होतच नाही, असे आमच्याकडे येणारे पाहुणे म्हणतात. त्यात अतिशयोक्ती फारशी नाही. गच्चीवर उभे राहिले की पश्चिमेला तारापूर औद्योगिक वसाहतीवर दुधी उजेडाचा घुमट दिसतो. स्टेशनच्या बाजूला फलाटांचे, दुकानांचे आणि नव्या इमारतींचे दिवे. मध्यरात्री अंगणात पडलेली सुई सापडावी, इतका प्रकाश. ज्या रात्री आकाश अगदी निरभ्र असते, त्या रात्री वीस-पंचवीस तारे मोजता येतात. ही तक्रार मी करावी की नाही, याविषयी माझ्याच मनात संकोच आहे. कारण आमचे दुकान इलेक्ट्रिकल मालाचे आहे. कारखान्यांच्या आवारातले, गोदामांच्या दारावरचे, सोसायट्यांच्या फाटकावरचे कितीतरी दिवे आमच्याच गल्ल्यावरून गेले आहेत.

बापूजी १९७४ साली राजस्थानातील पाली जिल्ह्यातून येथे आले, तेव्हा ते चोवीस वर्षांचे होते. तारापूरचे अणुऊर्जा केंद्र १९६९ पासून वीज देऊ लागले होते, औद्योगिक वसाहत वाढत होती आणि ज्याला वायर, स्विच, बल्ब यांची पारख होती त्याला येथे पोट भरण्यापुरते काम निश्चित होते. त्या काळी चित्रालयाच्या पुढे संध्याकाळनंतर काळोख असे आणि तारापूर-चिंचणीकडे जाताना सायकलचा दिवा लावावा लागे, असे ते सांगतात. आज त्याच रस्त्यावर पास्थळ, परनाळी, कुरगाव अशी गावे उजेडाने एकमेकांना जोडली गेली आहेत.

माझ्याकडे कॅमेरा आला तो लग्नसमारंभासाठी. पुतण्याच्या लग्नानंतर तो दोन वर्षे कपाटात पडून होता. पालघरच्या महाविद्यालयात शिकणाऱ्या पुतणीने तो बाहेर काढला आणि उल्कावर्षावाचे छायाचित्र काढू या, असा हट्ट धरला. तिने वाचलेल्या इंग्रजी पुस्तकांत उन्हाळ्यातला सर्वांत देखणा उल्कावर्षाव १२-१३ ऑगस्टच्या सुमाराचा, ययाती तारकासमूहातून येणारा, असे लिहिले होते. यात चूक काही नाही. फक्त तो उन्हाळा युरोप-अमेरिकेचा आहे. आमच्याकडे तेव्हा श्रावण असतो, चातुर्मास चालू असतो आणि सूर्या नदी दुथडी भरून वाहत असते. आम्ही त्या ऑगस्टमध्ये तीन रात्री गच्चीवर छत्री धरून बसलो. कॅमेऱ्यावर प्लास्टिकची पिशवी, आमच्या अंगावर रेनकोट. एकही तारा दिसला नाही. महाराष्ट्रातले अनुभवी निरीक्षक डिसेंबरमधल्या मिथुन राशीच्या उल्कांवर भर का देतात, ते त्या तीन रात्रींत कळले.

तरीही आपल्या खऱ्या उन्हाळ्यात एक उल्कावर्षाव असतो. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, ५-६ तारखेच्या पहाटे, कुंभ राशीतील ईटा नावाच्या ताऱ्याजवळून उल्का येताना दिसतात. म्हणून त्यांना ईटा अ‍ॅक्वेरिड म्हणतात. युरोपातून त्या नीट दिसत नाहीत, कारण तेथे कुंभ रास वर येईपर्यंत उजाडते. आपण विषुववृत्ताच्या जवळ असल्याने आपल्याला दोन-अडीच तास मिळतात. पुतणीने ही माहिती वाचून दाखवली तेव्हा पुढचे वाक्य ऐकून मी हातातले बिलबुक खाली ठेवले. ह्या उल्का हॅलेच्या धूमकेतूच्या धुळीच्या आहेत.

मार्च १९८६ मध्ये मी दहा वर्षांचा होतो. बापूजींनी मला पहाटे उठवून बजाज स्कूटरवर पुढे उभे केले आणि चिंचणीच्या किनाऱ्यावर नेले. सुरूच्या झाडांमागे, आग्नेय दिशेला, कापसाचा पुंजका विरून जावा तसे काहीतरी दिसत होते. वर्तमानपत्रातल्या चित्रासारखे शेपूट मला दिसले नाही आणि मी हिरमुसलो. बापूजी म्हणाले होते की हा आता छप्पन्न-सत्तावन्न साली नव्हे, २०६१ साली येईल, तेव्हा तू म्हातारा असशील आणि मी नसेन. लहान मुलाला असे सांगू नये, म्हणून आईने नंतर त्यांना चांगले सुनावले. मुंबईत खगोल मंडळासारख्या संस्था त्याच धूमकेतूच्या निमित्ताने उभ्या राहिल्या, हे मला पुष्कळ उशिरा समजले. आमच्या घरात मात्र त्या पहाटेनंतर आकाशाचा विषय निघाला नाही. दुकान वाढत होते.

तो धूमकेतू डिसेंबर २०२३ मध्ये सूर्यापासून सर्वांत दूरच्या, नेपच्यूनच्याही पलीकडच्या टोकाला पोहोचला आणि परतीच्या वाटेला लागला. साधारण पंचाहत्तर-शहात्तर वर्षांच्या प्रत्येक फेरीत तो आपल्या मार्गावर धूळ सांडत जातो. पृथ्वी वर्षातून दोनदा त्या धुळीच्या पट्ट्यातून जाते, मे आणि ऑक्टोबरमध्ये. वाळूच्या कणाएवढे किंवा त्याहूनही लहान कण सेकंदाला सुमारे सहासष्ट किलोमीटर वेगाने वातावरणात शिरतात आणि जमिनीपासून शंभर किलोमीटरच्या आसपास उंचीवर उजळून नाहीसे होतात. पहाटेच का, याचे उत्तर पावसात गाडी चालवणाऱ्या कोणालाही समजेल: थेंब पुढच्या काचेवर अधिक आपटतात, मागच्या काचेवर कमी. पहाटेच्या वेळी आपली बाजू पृथ्वीच्या धावेच्या दिशेला असते. आणि सगळ्या उल्का एकाच बिंदूतून निघाल्यासारख्या का दिसतात, ते बोईसर स्टेशनच्या पुलावर उभे राहून वाणगावकडे पाहिले की कळते. समांतर रूळ दूर एका ठिपक्यातून फुटल्यासारखे दिसतात, तसेच हे.

येथे एक गंमत नोंदवून ठेवतो. मुंबईचे आकाशप्रेमी रात्रभर निरीक्षणासाठी वांगणीला जातात, असे पुतणीच्या वाचनात आले होते. आमचे वाणगाव एका स्टेशनावर असल्याने ती फारच खूश झाली. वांगणी कर्जतच्या मार्गावर आहे, आमच्या वाणगावला मिरचीची शेती आहे, हे तिला समजावताना मला वाईट वाटले.

२०२४ साली योग चांगला होता. अमावस्या दोन दिवसांवर होती, म्हणजे चंद्राचा अडथळा जवळजवळ नाही. ४ मेच्या शनिवारी रात्री आम्ही तालीम म्हणून चिंचणीला गेलो. बापूजी चौऱ्याहत्तर वर्षांचे, एका डोळ्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली. पण हॅलेचे नाव ऐकल्यावर त्यांना घरी ठेवणे शक्य नव्हते. अडतीस वर्षांनी त्याच वाळूवर त्यांची घडीची खुर्ची मांडली.

चिंचणीचा किनारा सुंदर आहे, पण ह्या कामाचा नाही. समुद्र पश्चिमेला, कुंभ रास पूर्वेला; आणि किनाऱ्यावरून पूर्व-आग्नेयेकडे पाहिले की बोईसर आणि औद्योगिक वसाहतीचा उजेड आडवा येतो. दक्षिणेकडे अणुऊर्जा केंद्राच्या बाजूचे दिवे. समुद्रात मासेमारीच्या होड्यांचे दिवे, हे तर हलणारे. खाऱ्या हवेने भिंगावर पंधरा मिनिटांत धुके धरत होते. उल्का मोजून चार दिसल्या. साडेतीननंतर चंद्राची कोर मंगळाजवळ उगवली, तेवढेच समाधान. पण घरी येऊन फोटो मोठे करून पाहिले तेव्हा मी बराच वेळ एकाच चित्रापुढे बसलो. क्षितिजावरचा उजेडाचा पट्टा पांढराशुभ्र होता. माझ्या आठवणीतला बोईसरचा उजेड पिवळसर आहे, सोडियम दिव्यांचा. गेल्या दहा वर्षांत आम्ही ते सगळे काढून एलईडी फ्लडलाइट बसवले. वीज वाचली, हे खरे. पण वीज स्वस्त पडू लागल्यावर गिऱ्हाईक पन्नास वॉटच्या जागी शंभर आणि शंभराच्या जागी दोनशे मागू लागले, आणि आम्ही आनंदाने दिले. दिवा भिंतीवर आडवा ठोकला की निम्मा उजेड आभाळात जातो, हे बसवणाऱ्याला ठाऊक असते. पण त्याचे बिल वेगळे येत नाही.

रविवारी जव्हारला जायचे ठरले. आमच्या दुकानात बारा वर्षे मदतनीस म्हणून काम करणारा मुलगा जव्हारच्या अलीकडच्या एका पाड्यावरचा. त्याच्या घरामागचा माळ मोकळा आहे, असे त्यानेच सुचवले. सूर्यास्त सातच्या सुमारास होता. बापूजींचा चौविहार असल्याने त्यांचे जेवण-पाणी त्याआधी आटोपून आम्ही निघालो. चिल्हार फाट्यापर्यंत ट्रकांच्या रांगा, मग महामार्गाने मनोर, तेथून विक्रमगड. विक्रमगड सोडले की दिवे विरळ होत जातात आणि रस्ता चढू लागतो. आपल्या पालघर जिल्ह्याची गंमत ही की ऐंशी किलोमीटरच्या आत समुद्र, कारखाने आणि डोंगरी संस्थानाची जुनी राजधानी अशी तीन जगे लागतात. जव्हार मुकणे राजांचे. त्यांचा जयविलास राजवाडा पाहायला लोक पावसाळ्यानंतर येतात. मे महिन्यात तेथे कोणी जात नाही. गवत वाळलेले, ओढे आटलेले, रस्त्याच्या कडेला पळसाच्या द्रोणात करवंदे विकणाऱ्या मुली तेवढ्या दिवसा दिसतात.

पाड्यावर पोहोचलो तेव्हा साडेनऊ वाजून गेले होते. गाडीचे दिवे बंद केले आणि पहिली काही मिनिटे कोणाला काहीच दिसेना. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस मिनिटे तरी लागतात. मग आकाश एकदम जवळ आले. तारे इतके की ओळखीची नक्षत्रे गर्दीत हरवली. बापूजींना सप्तर्षी शोधायला वेळ लागला, हे मी प्रथमच पाहिले. आम्ही सतरंजी टाकून दोन वाजेपर्यंत पडून राहिलो. टॉर्चला लाल जिलेटिनचा कागद गुंडाळला होता, कारण लाल उजेडाने डोळ्यांची सवय मोडत नाही. त्या उजेडात जमिनीवरचे किडे-मुंग्या नीट दिसत नाहीत म्हणून बापूजी जागेवरून हलायलाच तयार नव्हते. पाऊल कोठे पडते ते दिसल्याशिवाय टाकायचे नाही, हा त्यांचा आयुष्यभराचा नेम.

छायाचित्राची रीत सांगायला सोपी आहे. तिवईवर कॅमेरा घट्ट बसवायचा, रुंद कोनाचे भिंग लावायचे, भिंगाचे छिद्र होईल तितके उघडे ठेवायचे. फोकस हाताने करायचा. एखादा तेजस्वी तारा पडद्यावर मोठा करून तो बारीकात बारीक ठिपका होईपर्यंत वळे फिरवायचे आणि मग त्या वळ्यावर चिकटपट्टी लावून टाकायची. आमचे भिंग चोवीस मिलिमीटरचे, आयएसओ तीन हजार दोनशे, प्रत्येक चित्राला पंधरा सेकंद. त्याहून अधिक वेळ दिला तर पृथ्वी फिरत असल्याने तारे रेघा होऊ लागतात. पुढे एकच काम: एकामागून एक चित्रे घेत राहायची. उल्का दिसल्यावर बटण दाबून काही मिळत नाही. ती अर्ध्या सेकंदात संपलेली असते. कॅमेरा तिच्या आधीपासून उघडा असावा लागतो.

कॅमेरा कोठे रोखावा, यावर पुतणीचा आणि माझा वाद झाला. उल्का जेथून येतात त्या बिंदूकडे रोखला तर रेघा आखूड येतात, म्हणून थोडे बाजूला रोखावे, असे तिचे म्हणणे. तीनच्या सुमारास दक्षिणेला वृश्चिक आणि धनू राशी ऐन माथ्यावरून जात होत्या आणि आकाशगंगेचा सर्वांत दाट भाग माळावर उभा होता. तिने आग्नेयेकडे, आकाशगंगेची कड येईल असा कॅमेरा लावला. पूर्वेला शनी वर आला होता, त्याच्याखाली मंगळ. तीन ते पावणेपाच, मधल्या बॅटरीबदलासह, साधारण चारशे चित्रे.

पहिली उल्का कॅमेऱ्याला मिळाली नाही. ती बापूजींनी पाहिली. खुर्चीत मान मागे टेकवून ते पूर्वेकडे पाहत होते. कुंभ रास क्षितिजापासून फार वर नव्हती, आणि अशा वेळी येणाऱ्या उल्का वातावरणाला घासून लांबच लांब जातात. ती पूर्वेकडून निघाली, डोक्यावरून गेली आणि पश्चिमेला झाडांच्या वर कोठेतरी विझली; मागे धुरासारखी रेघ दोन-तीन सेकंद राहिली. मी कॅमेऱ्याच्या पडद्यात डोके घालून बसलो होतो. त्यांनी काही न बोलता माझ्या खांद्यावर हात ठेवला. वर पाहिले तेव्हा ती विरणारी रेघच उरली होती.

“हा त्याचाच ना?” त्यांनी विचारले.

मी हो म्हटले. त्याच धूमकेतूचा कण, कित्येक शतकांपूर्वीच्या एखाद्या फेरीत सांडलेला.

“मग भेट झाली,” ते म्हणाले आणि पुन्हा वर पाहू लागले.

चार वाजून गेल्यावर माळाच्या उतारावर उजेड हलू लागला. पुतणी वैतागली, चित्रे खराब होणार होती. तो उजेड आमच्या मदतनिसाच्या आईच्या हातातल्या टॉर्चचा होता. डोक्यावर हंडा, मागे आणखी तीन बाया. जव्हार-मोखाड्यात पाऊस कोकणासारखा पडतो आणि एप्रिल-मेमध्ये विहिरी तळाला जातात. रात्रभरात झिरपून जे पाणी साचते ते पहाटे जो आधी पोहोचेल त्याला मिळते, म्हणून ह्या बाया चारला निघतात. विहिरीच्या पायऱ्या तुटलेल्या आहेत आणि गेल्या वर्षी तेथे एकीचा पाय मोडला, हे मला त्या पहाटे कळले. बारा वर्षे हा मुलगा आमच्या दुकानात दिव्यांची खोकी उचलतो आहे. त्याने कधी मागितले नाही आणि मी कधी विचारले नाही. मी आलो होतो तो त्याच्या गावाचा अंधार चांगला आहे म्हणून.

चंद्राची बारीक कोर उगवली, शनी-मंगळाच्या रांगेत खाली तिसरी. पावणेपाचला पूर्व पांढरी होऊ लागली. पुतणीच्या वहीत एकोणीस खुणा होत्या. परतताना विक्रमगडच्या पुढे गाडी थांबवून नवकारशीची वेळ झाल्यावर बापूजींनी उकळलेल्या पाण्याची बाटली उघडली आणि मगच वहीतल्या खुणा स्वतः मोजल्या. हिशेब त्यांना दुसऱ्याचा चालत नाही.

चारशे चित्रांत उल्का निघाल्या तीन. व्यापाराच्या भाषेत ह्या धंद्याला कुलूप लावावे लागेल. विमानांच्याच रेघा त्याहून कितीतरी अधिक होत्या, मुंबईहून उत्तरेकडे जाणाऱ्या; त्या ठिपक्या-ठिपक्यांच्या असतात आणि लागोपाठच्या चित्रांत पुढे सरकत जातात. उपग्रहाची रेघ एकसारख्या जाडीची. उल्का एकाच चित्रात असते, सुरुवातीला बारीक, मध्ये भरलेली, पुन्हा बारीक, आणि सुरुवातीला किंचित हिरवट. तिन्हींपैकी दोन फिकट आहेत. तिसरी चांगली आली, पण तिच्याच खाली, चित्राच्या तळाशी, टॉर्चची वाकडीतिकडी पिवळी रेघ आहे. संगणकावर ती पुसता येते, असे पुतणी म्हणाली. मी पुसू दिली नाही. ते चित्र आता दुकानात गल्ल्यामागे लावले आहे. बहुतेक गिऱ्हाइके वरच्या रेघेला काचेवरचा ओरखडा समजतात आणि खालच्या रेघेबद्दल विचारतात.

त्या महिन्यात एका कारखान्याचे व्यवस्थापक आवारासाठी दोनशे वॉटचे दहा दिवे घ्यायला आले. मी त्यांना शंभराचे, पिवळसर उजेडाचे, वर झाकण असलेले दिवे सुचवले आणि तोंड जमिनीकडे ठेवा म्हणालो. नागपूरकडच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठी आसपासच्या गावांतले शंभरावर पथदिवे असेच खाली तोंड करून बसवले गेले, हेही सांगितले. त्यांनी ते ऐकून घेतले आणि दोनशेचेच दिवे घेतले. मुलगा त्या रात्री म्हणाला, “पप्पा, आपण दिवे विकतो, अंधार नाही.” त्याचे चुकते असे मला म्हणता आले नाही. बापूजी मात्र मध्येच बोलले. पहिल्या पावसात आपल्या दुकानासमोरच्या दिव्याखाली सकाळी पाखरांचा सडा पडलेला असतो आणि तो मी वर्षानुवर्षे सुपलीत भरतो आहे, तो दिवा तरी बदला. पांढऱ्या उजेडाकडे पाखरे अधिक ओढली जातात, पिवळ्याकडे कमी. तो दिवा दुसऱ्या दिवशी बदलला. बाकीच्या गिऱ्हाइकांना मी सांगत राहतो. दहांत दोघे ऐकतात. मुलगा अलीकडे वर झाकण असलेल्या दिव्यांचा वेगळा फळा लावून ठेवतो, का ते मी विचारलेले नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात, पावसाआधी, आम्ही विहिरीच्या वाटेवर बसवायला एक लहान सौर दिवा पाठवला, बारा वॉटचा, झाकणाचा. मदतनिसाने फुकट घ्यायला नकार दिला, म्हणून खरेदीच्या भावात दिला आणि पगारातून दोन हप्त्यांत कापला. पायऱ्या दुरुस्त करायचे ग्रामपंचायतीकडे पडून आहे. ऑगस्टमध्ये, पुन्हा त्या ययातीच्या उल्कांच्या रात्री, बोईसरला धो-धो पाऊस होता आणि कॅमेरा कपाटातच होता. सकाळी मदतनीस गावाहून भिजत आला. दिवा कसा चालतो, असे मी विचारले. चालतो चांगला, तो म्हणाला. पण आईने तो हातभर खाली घ्यायला सांगितला आहे, डोळ्यांवर येतो म्हणे.